हात दाखवला नव्हता

गावात त्यांना सगळे काकू म्हणत. पुतण्यांचं ठीक आहे, पण पिठाच्या गिरणीवाला काकूंपेक्षा चार वर्षांनी मोठा, तोही काकूच म्हणायचा. त्या त्याला दर वेळी "काय रे बाळा" असं उत्तर द्यायच्या आणि दळण पुढे सरकवायच्या.

काकू ट्रॅक्टर शिकल्या एक्केचाळिसाव्या वर्षी, आणि तेही हौसेनं नाही. काकांची नजर अधू होत चालली होती. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग संध्याकाळचं, आणि एक दिवस बांधावरचा सिमेंटचा खांब त्यांना ट्रॅक्टर त्यावर आदळल्यावरच कळला. डॉक्टरांनी सांगितलं, आहे ती नजर सांभाळा आणि गाडी विसरा. शेती दोघा भावांची होती, ट्रॅक्टर धाकट्याच्या, म्हणजे काकूंच्या दिरांच्या नावावर होता. पण दिरांचं खताचं दुकान होतं आणि शेतातल्या मातीपेक्षा त्यांना दुकानातली धूळच जास्त मानवायची. उरल्या काकू.

काका मडगार्डवर बसून शिकवायचे. दिसत नव्हतं, पण इंजिनाच्या आवाजावरून त्यांना सगळं कळायचं. क्लच अर्धा सोडलास, आता गिअर बदल, आता त्याला जरा श्वास घेऊ दे. पहिल्याच आठवड्यात काकूंनी कोंबड्यांच्या खुराड्याचा एक कोपरा पाडला. काका म्हणाले, त्यांना वारा हवाच होता. लायसन्सच्या परीक्षेला गेल्या तेव्हा साहेबांनी विचारलं, गाडी चालवणारे कुठे आहेत? काकूंनी आजूबाजूला पाहिलं आणि सांगितलं, मघापासून इथेच उभे आहेत.

पुढची अकरा वर्षं नांगरणीपासून मळणीपर्यंत सगळं त्यांच्याच हाताखालून गेलं. चालवायच्या मात्र फार सावकाश. महामार्गावर त्यांच्या मागे गाड्यांची रांग लागायची. उशिरा घरी पोचणारा माणूस "काकू पुढे होत्या" एवढंच म्हणायचा आणि त्याला पुढे कोणी काही विचारायचं नाही. वळायच्या वेळी, विजेचे दोन खांब आधीच, त्यांचा उजवा हात बाहेर यायचा, अगदी ताठ, लांबची जमीन दाखवावी तसा. दिव्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. दिवा लागलाय की नाही ते आपल्याला दिसत नाही, हात मात्र दिसतो, असं त्या म्हणायच्या.

अपघात झाला त्या दिवशी दुपारचे चार वाजले असतील. माळावरच्या शेतातून मक्याची वाळलेली वैरण घरी आणायची होती. खरं तर ते दोन खेपांचं काम होतं. पण वारा सुटला होता, दुसऱ्या दिवशी सकाळीच काकांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून एकाच खेपेत उरकायचं काकूंनी ठरवलं. ट्रॉली इतकी भरली की पेंढ्या मागून आणि बाजूनं लोंबायला लागल्या. मागचे लाल दिवे आणि वळायचा पिवळा दिवा वैरणीखाली गेले. हे त्यांना दिसलं होतं. लख्ख उजेड आहे, काय होतंय, असं मनाशी म्हणून त्यांनी दोर आवळला आणि निघाल्या. काका त्या दिवशी बरोबर नव्हते.

महामार्गानं दीड किलोमीटर गेलं की पाण्याच्या टाकीपाशी उजवीकडे घराकडचा कच्चा रस्ता लागतो. त्या वळणाच्या जरा आधी वाऱ्यानं काकूंचा डोक्याचा रुमाल सुटला आणि तोंडावर आला. डाव्या हातात स्टिअरिंग होतं, उजव्या हातानं त्यांनी रुमाल धरला, डोळ्यांत गेलेला कचरा पुसला, समोरून काही येत नाही एवढं पाहिलं आणि गाडी वळवली.

पत्र्याचं पिंप पडावं तसा आवाज झाला.

मोटारसायकल मागून पुढे जायला निघाली होती, ती ट्रॅक्टरच्या उजव्या मोठ्या चाकावर आदळली होती. काकूंनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरल्या. खडीवर पोस्टमन पडला होता. बावीस वर्षं तो याच रस्त्यानं टपाल वाटत होता, सगळ्या वस्तीला माहीत असलेला माणूस. त्याच्या हेल्मेटला मोठी चीर गेली होती आणि उजवा पाय जिथे वळायला नको तिथे वळला होता. त्याची पिशवी फाटून पत्रं वाऱ्यावर चालली होती. तो उठायची धडपड करत एकच म्हणत होता, टपाल उडतंय, टपाल.

हलू नकोस असं काकूंनी त्याला तीनदा सांगितलं. तो ऐकेना. मग त्यांनी त्याच्या डोळ्यांदेखत पत्रं गोळा करायला सुरुवात केली. रस्त्यावरून, चाकाखालून, गवतातून एकेक पाकीट उचलायच्या, त्याला दाखवायच्या आणि पिशवीत टाकायच्या. तेव्हा कुठे तो शांत पडून राहिला. तेवढ्यात दुधाची गाडी आली. चालकानं फोन लावला आणि वीस मिनिटांत रुग्णवाहिका आली. तिचं दार बंद झाल्यावर काकू तिथेच खडीवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी हवालदार घरी आला. काकूंनी बोलायला तोंड उघडलं, पण दिरांनी आधीच सांगून टाकलं, "वहिनींनी हात दाखवला होता. नेहमी दाखवतात, अख्ख्या गावाला विचारा." हवालदारानं तसंच लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि पेन पुढे केलं. काकूंनी पेन घेतलं आणि सही केली.

दीर वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. दुकानात गिऱ्हाइकांकडून ऐकून त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की चूक आपली निघाली तर विमा कंपनी अंग काढून घेईल, ट्रॅक्टर जाईल, मग शेत जाईल. आणि पोस्टमनला धडकेच्या आधीचं काहीच आठवत नव्हतं. नाल्यावरचा पूल ओलांडला इथपर्यंत त्याला आठवत होतं, पुढे एकदम दवाखान्याचं छत. म्हणजे हात दिसला की नाही हे सांगणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. दिरांना हा मोठाच दिलासा वाटला. काकूंना त्याच गोष्टीची झोपताना भीती वाटायची.

सात आठवडे असे गेले. दिरांच्या हाती फळं पाठवली, पण काकू स्वतः काही दवाखान्यात गेल्या नाहीत. मग एका सकाळी गाईपुढे वैरण टाकताना त्या दिवशीच्या खेपेतल्या पेंढीतून एक निळं पाकीट निघालं. वर नाल्याजवळच्या घरातल्या म्हाताऱ्या आजींचं नाव. काकूंनी ते पदराला पुसलं, कपडे बदलले आणि शहराची बस पकडली.

पोस्टमनच्या पायाला बाहेरून लोखंडी सळ्या लावल्या होत्या. पायाशी त्याची बायको वह्या तपासत बसली होती. ती शाळेत शिकवायची आणि शाळा सुटली की वह्यांचा गठ्ठा घेऊन थेट इकडे यायची. काकूंना पाहून पोस्टमनचा चेहरा उजळला. त्यानं उठून बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा बायकोनं उशी मागे सरकवली.

काकूंनी पाकीट त्याच्या हातात दिलं. पत्ता वाचून तो हसला. आजींना वाचता येत नाही, दारात उभं राहून वाचून दाखवावं लागतं, त्यांचं काम बदली पोस्टमनकडून व्हायचं नाही, असं म्हणून त्यानं पाकीट परत काकूंकडेच सोपवलं. मग म्हणाला, "काकू, मला माफ करा. तुम्हाला केवढं घाबरवलं मी."

काकूंना काही कळेना.

"विमा कंपनीचा माणूस येऊन गेला," तो सांगू लागला. "मी त्याला म्हटलं, मला आठवत नाही. पण काकूंनी हात दाखवला असं लिहिलंय ना, मग दाखवलाच असणार. अकरा वर्षं मी त्या हातामागे थांबतोय. त्या दिवशी मला दिसला नाही म्हणजे माझंच लक्ष नव्हतं."

बायको मान खाली घालून वहीवर खुणा करत राहिली. काकू "बरं वाटेल हळूहळू" असं काहीतरी बोलल्या आणि निघाल्या. परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं दोनदा विचारलं तरी त्यांना कुठे उतरायचं ते सांगता आलं नाही. वाटेत त्या आजींकडे उतरल्या, पत्र वाचून दाखवलं. नातीला नोकरी लागल्याचं पत्र होतं. आजींनी ते पुन्हा वाचायला लावलं. काकूंनी वाचलं.

संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. काका ओट्यावर बसले होते. काकू शेजारी येऊन बसल्यावर ते म्हणाले, "टाकीच्या वळणावर तू हल्ली गाडी बंद पडायच्या बेताला आणतेस. आधी असं करत नव्हतीस. मी मडगार्डवर बसून ऐकतोय रोज. काय झालं होतं तिथे?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. सगळ्यांनी त्यांना काय झालं ते सांगितलंच होतं. काकूंनी पहिल्यापासून सांगितलं. एक खेप वाचवायचं ठरवलं ते, झाकलेले दिवे, रुमाल. सगळं संपल्यावर काका म्हणाले, "मला सांगून झालं. आणखी कोणाकोणाला सांगायचंय?"

"सगळ्यांनाच," काकू म्हणाल्या.

दिरांना सांगितल्यावर घरात दोन दिवस भांड्यांचेच आवाज जास्त झाले. दिरांनी समजावलं, रागावले, दुकान सोडून घरी येऊन पुन्हा समजावलं. शेवटी म्हणाले की आता काही करता येणार नाही, सही झालेली आहे. काकू म्हणाल्या, "सही माझी आहे, भाऊजी. ती मीच बदलीन."

त्याच आठवड्यात विमा कंपनीचा तपासनीस जागा पाहायला आला. निवृत्तीला आलेला, बारीक अंगाचा माणूस. मोजपट्टी घेऊन रस्त्यावर गुडघे टेकायचा तेव्हा खाली रुमालाची घडी ठेवायचा, पँट खराब होऊ नये म्हणून. त्यानं वळणाची रुंदी मोजली, टाकीपासूनचं अंतर मोजलं, फोटो काढले. काकू आणि दीर ट्रॅक्टर घेऊन कडेला उभे होते. मग त्यानं फाइल उघडली.

"हात दाखवल्यावर साधारण किती वेळानं वळलात?"

"हात दाखवला नव्हता," काकू म्हणाल्या. "आणि मागचे दिवे वैरणीनं झाकले होते. ते मला माहीत होतं."

तपासनीसानं फाइलमध्ये पाहिलं, मग काकूंकडे. "इथे वेगळं लिहिलंय."

"ते खोटं आहे."

त्यानं पेन खिशाला अडकवलं. ट्रॅक्टरच्या सावलीत आला. "बाई, मी कंपनीचा माणूस आहे. हात दाखवला म्हणालात तर माझं काम आजच संपतं. चूक पोस्टमनची, आम्ही मोकळे. तुम्ही नाही म्हणालात तर भरपाई आम्हाला द्यावी लागेल. तेव्हा मी हे तुमच्या तोंडी घातलं असं कोणी म्हणणार नाही. पण एकदा नीट विचार करा."

"म्हणजे भरपाई कोण देणार?" दिरांनी विचारलं.

"आम्ही."

"चूक आमची असली तरी?"

"चूक तुमची असली तरच," तपासनीस म्हणाला. "तुमच्या हातून दुसऱ्याला इजा झाली तर त्याला मिळावं, यासाठीच तर विमा काढलात. हप्ता भरलेला आहे, बाईंचं लायसन्स चालू आहे. माणसं चुकली नसती तर आम्हाला कोणी दारात उभं केलं असतं का?"

दीर कडेच्या किलोमीटरच्या दगडावर बसले. दोन महिने ते ज्या गोष्टीला घाबरत होते ती नव्हतीच, आणि तिच्यापायी एका जायबंदी माणसाचा हक्क अडवून बसलो होतो, हे त्यांच्या एकदमच ध्यानात आलं.

पण तपासनीसानं पुढचंही सांगितलं. ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचं काही मिळेल याची आशा धरू नका, माल बाहेर लोंबत होता. आणि पोलिसांना दिलेला जबाब तुम्हालाच जाऊन बदलावा लागेल, तिथे बोलणी खावी लागतील, लायसन्सही जाईल काही दिवस. काकूंनी विचारलं, पोलीस चौकी किती वाजेपर्यंत उघडी असते? तपासनीस म्हणाला की ती बंद झालेली त्यानं अजून पाहिली नाही. त्यानं नवा जबाब लिहिला, काकूंनी तो स्वतः वाचला, एका ठिकाणी "कदाचित" लिहिलं होतं ते खोडायला लावलं आणि सही केली.

चौकीत हवालदार खरंच खूप बोलला. काकूंनी ऐकून घेतलं. त्यापेक्षा अवघड होतं ते दुसऱ्या दिवशीचं. त्या काकांना घेऊन दवाखान्यात गेल्या आणि पोस्टमनला उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, बसल्या तर बोलता येणार नाही असं वाटून.

त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यानं मान भिंतीकडे वळवली. "दोन महिने मी स्वतःला विचारतोय," तो भिंतीला म्हणाला, "माझं लक्ष होतं कुठे."

काकूंनी माफी मागितली. तो वळला नाही. बायकोनं वह्या बाजूला ठेवल्या, काकूंना दारापर्यंत सोडायला आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "हे झोपेत ब्रेक दाबतात, काकू. दुखऱ्या पायानं. मी रोज बघते. सांगितलंत ते बरं केलंत. पण आता काही दिवस येऊ नका."

काकू गेल्या नाहीत.

पुढचं कामकाज वर्षभर रेंगाळलं. न्यायालयानं बरीचशी चूक काकूंची धरली आणि थोडी पोस्टमनची, कारण वळणापाशी पुढे जायला नको होतं. भरपाई कंपनीनं दिली. काकूंना दंड झाला आणि लायसन्स सहा महिने जमा झालं. दुरुस्तीचा खर्च दिरांनी कुरकुर न करता केला, आणि त्या सहा महिन्यांत ट्रॅक्टरही त्यांनीच चालवला. खताच्या गोण्या मोजणाऱ्या माणसाला गिअर कसा सापडावा? काका मडगार्डवर बसून म्हणायचे, अरे, तो ओरडतोय, त्याला काय हवंय ते विचार. नांगराच्या रेषा अशा वाकड्या आल्या की शेजारी खास बघायला यायचे. पण दीर रोज पहाटे उठून जात राहिले. लायसन्स परत आलं त्या सकाळी किल्ली काकूंच्या हातात देताना त्यांचा जीव भांड्यात पडला आणि ते त्यांनी लपवलंही नाही. ट्रॉली भरताना मात्र आता तेच मागे उभे राहायचे आणि दिवे दिसेनासे झाले की दोन पेंढ्या खाली ओढायचे. दुसरी खेप झाली तर झाली.

पोस्टमन दहा महिन्यांनी कामावर आला. गुडघा वाकत नव्हता, म्हणून त्याला टपाल कचेरीत खिडकीवर बसवलं. रस्त्यावर नवा माणूस आला, तो पत्रं फाटकाच्या पेटीत टाकून निघून जायचा.

त्यानंतरच्या थंडीत काकूंना परगावी दिलेल्या मुलीकडे स्वेटर पाठवायचे होते. पार्सल बांधून त्या कचेरीत गेल्या तेव्हा खिडकीत कोण असेल हे त्यांना माहीत होतं, आणि तरी रांगेत नंबर जवळ येईल तसं परत फिरावंसं वाटत होतं. त्यांनी पार्सल पुढे केलं. पोस्टमननं ते वजनाला ठेवलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला की हा दोरा वाटेतच सुटेल, असं पाठवता येणार नाही. त्यानं स्वतःच्या टेबलातला सुतळीचा गुंडा काढून दिला. काकू तिथेच उभ्या राहून गाठी मारू लागल्या. त्यानं कोपऱ्यावर बोट दाबून धरलं, गाठ घट्ट बसावी म्हणून.

"नाल्यावरचा पूल रुंद केला म्हणतात," तो गाठीकडे बघत म्हणाला.

"केला," काकू म्हणाल्या. "कठडेही नवे बसवलेत. पिवळे रंगवलेत."

"आणि आजी?"

"आजी नातीकडे गेल्या राहायला. मागच्या महिन्यात. घराला कुलूप आहे, पण खिडकीतली कुंडी कोणीतरी पाणी घालून जगवलीये. कोण ते कळलं नाही."

त्यानं शिक्का मारला, पावती फाडली, पण हातातच ठेवली. मागे रांगेत तिघेचौघे होते. एकानं घड्याळ पाहिलं. पोस्टमननं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"पुलाच्या पुढे?" त्यानं विचारलं. "गिरणीपर्यंतचं सांगा."

काकूंनी पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात खिडकीच्या कडेवर टेकले आणि पुलापासून पुढे एकेक घर सांगायला लागल्या.